अरुंधतीच्या माहेराहून

कोलकाता

ती. मावशीस,

तुझं पत्र पोचलं. त्यात पाऊस, गुडघे आणि तूरडाळीचा भाव हे सगळं पहिल्या पाच ओळींत आटोपलं आहे आणि उरलेली पानं अरुंधतीवर खर्ची पडली आहेत. मालिका संपली तरी तुझा राग संपलेला नाही, हे वाचून तुझ्या तब्येतीची काळजी मिटली. कोलकाता म्हणजे परदेशच, असं आपल्या घरात सगळे धरून चालतात. भाषा कळत नाही, माणसं सकाळी उठल्याबरोबर माशांची चर्चा करतात आणि पोचायला दीड दिवस गाडीत बसावं लागतं, एवढी लक्षणं तुम्हाला पुरतात. तेव्हा या परदेशस्थ भाचीवर तू वकिलात सोपवली आहेस: ‘तुझ्याच गावातून ही बाई आली ना, मग जाऊन विचार त्यांना जाब.’ आरोपाला पुरावा आहे, हे मान्य. २०१९ च्या जूनमध्ये स्टार जलसा या बंगाली वाहिनीवर लीना गंगोपाध्याय यांची ‘श्रीमोयी’ सुरू झाली. श्रीमोयी झाल्या इंद्राणी हालदार. सहा महिन्यांनी, २३ डिसेंबरला, स्टार प्रवाहवर मधुराणी प्रभुलकर अरुंधती होऊन आल्या आणि मालिकेचं नाव पडलं ‘आई कुठे काय करते!’. पुढच्या जुलैत तीच बाई हिंदीत अनुपमा झाली. तमिळ, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम घरांतही ती नाव बदलून नांदायला गेली. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांचे बारगीर जवळजवळ दहा वर्षं बंगालवर चालून येत होते आणि १७५१ च्या तहात त्यांनी वर्षाला बारा लाखांची चौथाई लिहून घेतली. इथली तान्ही मुलं अजून त्या बारगिरांच्या, इथल्या भाषेत बर्गींच्या, धाकाने झोपतात. ती चौथाई बंगालने आता व्याजासकट वसूल केली, रोज अर्ध्या तासाच्या हप्त्याने, असं म्हणायला हरकत नाही.

तुझं म्हणणं असं की पहिलं वर्ष बरं चाललं होतं, मग सगळ्यांना झालं काय? गाणं येणारी, समजूतदार बाई घटस्फोट घेते आणि तरी त्याच दिवाणखान्यात उभी राहून त्याच माणसांची समजूत का काढत बसते? तिचा आधीचा नवरा अनिरुद्ध दर थोड्या दिवसांनी का सुधारतो आणि सुधारल्यावर लगेच का बिघडतो? त्याची दुसरी बायको संजना नोकरी करणारी, हुशार. मग लग्न करून त्या घरात आल्याबरोबर तिला दुसरं काही सुचेनासं का होतं? आणि मोठी झालेली मुलं आईला मध्ये घेतल्याशिवाय आपलं एकही लग्न धड करू किंवा मोडू का शकत नाहीत? यावर तुझा निकाल तयार आहे: लिहिणाऱ्यांना बायका कळत नाहीत, किंवा कळूनही त्या बावळट वाटतात. इथे आपला मतभेद आहे. मूळ गोष्ट बाईनेच लिहिलेली आहे, आणि त्या बाईने पश्चिम बंगालच्या राज्य महिला आयोगाचं अध्यक्षपद सांभाळलं आहे. छळाच्या, हुंड्याच्या, सोडून दिल्याच्या खऱ्या तक्रारी जिच्या टेबलावर आल्या, तिला बायका कळत नाहीत असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. मला दिसतं ते असं: लिहिणाऱ्याला बाई कळते, पण रोज चालणाऱ्या आणि शेवटाची तारीख न ठरलेल्या गोष्टीला निर्णय घेणारी बाई परवडत नाही. तिने निर्णय घेतला की गोष्ट संपते, आणि गोष्ट संपवायची तर कुणालाच मुभा नसते. म्हणून तिच्याकडून निर्णय घेववायचा, त्यावर महाएपिसोड करायचा, टाळ्या मिळवायच्या आणि पुढच्या पंधरवड्यात तो निर्णय हळूच काढून घ्यायचा. तुझ्या तक्रारी निरनिराळ्या दिसतात खऱ्या, पण त्या सगळ्या इथेच येऊन मिळतात.

पहिलं वर्ष चांगलं होतं, यात मी तुझ्या बाजूची आहे. पंचवीस वर्षांचा संसार, लग्नाचा वाढदिवस आणि नेमकं तेव्हाच नवऱ्याचं ऑफिसातल्या बाईशी असलेलं नातं उघडं पडणं, यात नवीन काहीच नव्हतं; ‘आभाळमाया’तल्या सुधा जोशीने हे दुःख आपल्याला १९९९ पासूनच दाखवलं होतं. नवीन होतं ते त्याच्या आधीचं. डबे, औषधांच्या वेळा, कुणाला तिखट चालत नाही आणि कुणाला कांदा दिसलेला चालत नाही, ही सगळी उठाठेव पडद्यावर काम म्हणून दिसली. ज्या घरात ‘तू घरीच असतेस ना’ हे वाक्य रोज कुणी ना कुणी बोलतं, तिथे संध्याकाळच्या ऐन वेळी हे दिसणं लहानसहान नव्हतं. पंचेचाळिशी ओलांडलेल्या बाईचा घटस्फोट तिला पापी न ठरवता दाखवणं हेही लहान नव्हतं. पण पुढे काय? पुढे अरुंधतीला घराबाहेर पडायचं होतं आणि मालिकेला ‘समृद्धी’ बंगला सोडता येत नव्हता. त्या बंगल्यात सासूसासरे कांचन आणि अप्पा आहेत, मुलं आहेत, सुना आहेत. दिवे तिथे लावलेले आहेत आणि कॅमेरेही तिथेच मांडलेले आहेत. रस्त्यावर चित्रीकरण करायचं तर परवानगी, गर्दी, पाऊस आणि पैसा. दिवाणखान्यात करायचं तर फक्त सोफा दोन फूट सरकवायचा. मग बाईने बाहेर कितीही मोठी झेप घेतली, तरी ती झेप आपल्याला सोफ्यावर बसून कुणीतरी सांगतं, आणि ज्याला ती सांगितली जाते तो चहा तरी सांडतो किंवा संशय तरी घेतो. अरुंधतीला आशुतोष केळकर भेटला, त्याच्याशी लग्न झालं, प्रेक्षक सुखावले. सुखावलेल्या प्रेक्षकांचं मालिकेने काय करायचं? आशुतोषला कथेतून उचललं आणि बाई पुन्हा पहिल्या घराच्या कटकटींत. इथली ‘श्रीमोयी’ २०२१ च्या डिसेंबरात, म्हणजे अडीच वर्षांत आटोपली. आपली अरुंधती ३० नोव्हेंबर २०२४ पर्यंत, जवळजवळ पाच वर्षं, उभीच. म्हणजे जाब विचारायचाच तर माहेराने तिला वेळेवर निरोप दिला होता, पाठवणी लांबली ती सासरी.

गंमत अशी, की बाईने घर सोडणं ही या शहराची जुनी खासियत आहे. रवींद्रनाथांची ‘स्त्रीर पत्र’ ही कथा १९१४ ची. पंधरा वर्षांच्या संसारानंतर मृणाल पुरीला जाते आणि तिथून नवऱ्याला कळवते की मी काही परत येत नाही. एक पत्र, खलास. रोजच्या मालिकेने मृणालचं काय केलं असतं, याची तू कल्पना कर. पत्र आधी थोरल्या जाऊबाईंच्या हाती पडलं असतं आणि तीन आठवडे त्यांच्या उशीखाली राहिलं असतं. दरम्यान टपालवाल्याचा अपघात. पुरीला समुद्रकाठी मृणालला जुना वर्गमित्र भेटला असता (शाळेत गेली होती की नाही हे कुणी विचारायचं नाही). नवऱ्याची स्मृती गेली असती, आणि ती परत आणायला डॉक्टरांनी नेमकी मृणालच मागितली असती. जाऊबाईंच्या ज्या बहिणीच्या, बिंदूच्या, मरणाने मृणालला घर सोडायचं बळ येतं, ती बिंदू मुळी मेलेलीच नसती. सहा महिन्यांनी नव्या चेहऱ्याने आणि जुन्या सुडाने परतली असती. सत्यजित रायांच्या १९६३ च्या ‘महानगर’मध्ये आरती घरोघर जाऊन विणकामाची यंत्रं विकते, कमावती होते आणि शेवटी एडिथ नावाच्या अँग्लो-इंडियन सहकारिणीवर अन्याय झाला म्हणून ती नोकरी सोडून देते, तेही घरात तिच्याखेरीज कुणाची कमाई नसताना. एका बाईने दुसऱ्या बाईसाठी घेतलेला असा निर्णय आपल्या पाच वर्षांत तुला किती वेळा दिसला? अपर्णा सेन यांची ‘परमा’ १९८५ ची. संसारात हरवलेली ही गृहिणी म्हणजे श्रीमोयीची खरी थोरली बहीण. आणि आपण तरी मागे कुठे होतो? जब्बार पटेलांचा ‘उंबरठा’ १९८२ चा. नवऱ्याचं दुसरीकडे नातं आहे हे कळल्यावर स्मिता पाटीलची सुलभा निघून जाते आणि चित्रपट तिथेच थांबतो. या सगळ्या बायकांना जायला मिळालं, कारण त्यांच्या कर्त्यांना दुसऱ्या दिवशी पुढचा भाग द्यायचा नव्हता.

तू म्हणशील, लांबण हा काही गुन्हा नाही. आपण हरदासांच्या कथा महिनाभर ऐकणारी माणसं. बरोबर आहे, आणि त्याचंही उत्तर इथेच सापडतं. आशापूर्णा देवींनी ‘प्रथम प्रतिश्रुती’ १९६४ मध्ये काढली, ‘सुवर्णलता’ १९६७ मध्ये, ‘बकुलकथा’ १९७४ मध्ये. पुढे त्यांना १९७६ चं ज्ञानपीठ मिळालं; ते मिळवणारी ही पहिली बाई. जाडजूड तीन कादंबऱ्या, तीन पिढ्या, आणि बहुतेक सगळं स्वयंपाकघर, माजघर नि गच्ची यांतच घडतं. मालिकावाल्यांना हवं ते सगळं त्यात आहे: सासवा, जावा, टोमणे, उपासतापास. पण पहिल्या कादंबरीच्या शेवटी, आपल्याला अंधारात ठेवून लहानग्या मुलीचं लग्न लावून दिलं हे पाहिल्यावर सत्यवती संसार सोडून काशीची वाट धरते, आणि लेखिका तिला परत ओढून आणत नाही. गोष्ट पुढे न्यायची तर ती मुलीच्या अंगावरून नेते. आई निघून गेल्याची किंमत मुलगी भरते आणि तिचं देणं नात चुकवते. हजारभर पानांत एकही निर्णय फुकट जात नाही. याचं नाव लांब गोष्ट. आपल्याकडे चालतं ते लांबवणं.

लांबवायचं कसं, हे तंत्र मात्र बघण्यासारखं आहे आणि बायकांच्या पात्रांची माती तिथेच होते. इथल्या टालीगंजच्या स्टुडिओंत काय किंवा ठाण्या-मुंबईच्या बंगल्यांत काय, आजचं चित्रीकरण उद्या-परवा दाखवायचं असतं. २०१८ च्या ऑगस्टमध्ये इथल्या कलाकारांनी थकलेल्या पैशांवरून आणि कामाच्या तासांवरून काम थांबवलं, तर काही दिवसांतच वाहिन्यांचा नव्या भागांचा साठा संपला, जुने भाग पुन्हा दाखवायची पाळी आली आणि शेवटी मुख्यमंत्री ममता बॅनर्जींना मध्ये पडावं लागलं. भात रात्रीच्या रात्री रांधायचा आणि तांदूळ कुणी सकाळी विकत आणून देणार, असा हा संसार. अशा घाईत कधीकधी जे होतं ते २०२० मध्ये सगळ्या देशाने पाहिलं: झी बांगलाच्या ‘कृष्णकली’त रुग्णाचं बंद पडलेलं हृदय चालू करायला डॉक्टरांनी छातीवर जे धरलं होतं, ते बाथरूम घासायचे ब्रश निघाले. त्यावर लोक आठवडाभर हसले. मी म्हणते ब्रश परवडले, निदान त्यांनी रुग्णाला उठवलं. खरा अनर्थ गुपितांनी होतो. रोजचा अर्धा तास भरायला सगळ्यांत स्वस्त सामान म्हणजे न सांगितलेली गोष्ट. तुझ्या ‘रंग माझा वेगळा’तली दीपा आणि इथल्या ‘अनुरागेर छोंवा’तली दीपा या दोघी मल्याळममधल्या ‘करुतमुत्तु’च्या लेकी. तिथला सगळा डोलारा नवऱ्याच्या एका संशयावर उभा आहे. साधी रक्तचाचणी आणि दहा मिनिटांचं बोलणं एवढ्यात तो मिटावा. पण मिटला तर उद्या काय दाखवणार? म्हणून कुणीतरी गप्प बसायला हवं, आणि गप्प बसायचं काम नेहमी नायिकेकडे येतं. ती बोलायला तोंड उघडते आणि बेल वाजते. चिठ्ठी लिहिते आणि ती चिठ्ठी भलत्याच्या हाती जाते. ती सोशिक आहे असं आपल्याला सांगण्यात येतं; खरं तर तिच्या तोंडावर हात ठेवलेला असतो. हुशार बाई ठरावीक दिवशी मठ्ठ होते, हा स्वभावातला दोष नसून वेळापत्रकाचा आहे. पुरुष पात्रं त्यातून सुटतात, कारण त्यांना रागावून निघून जायची आणि महिनाभर दिसायचं नाही अशी सोय असते. बहुतेक वेळा तो नट दुसऱ्या कामाला गेलेला असतो.

आता संजनाबद्दल. तू तिला ‘ती भवानी’ म्हणतेस आणि त्यापुढे काही ऐकत नाहीस. इथे श्रीमोयीची सवत म्हणजे जून गुहा, उषसी चक्रवर्तींनी रंगवलेली. पण ‘जून आँटी’ हे नाव मालिका न पाहणाऱ्यांच्याही तोंडी बसलं. तिच्यावर चित्रं निघाली, विनोद निघाले, आणि श्रीमोयीपेक्षा तीच जास्त लक्षात राहिली. का राहिली? कारण सबंध घरात तिलाच काहीतरी हवं असतं आणि ते ती तोंडाने मागते. मागितलेली वस्तू अगदीच टाकाऊ, म्हणजे श्रीमोयीचा नवरा अनिंद्य किंवा आपला अनिरुद्ध, ही गोष्ट निराळी. आपल्या ‘माझ्या नवऱ्याची बायको’मध्ये दुसऱ्या बाईचं, शनायाचं, असंच होतं, आणि बायकोचं, राधिकेचं, त्याहून गमतीचं. नागपूरची ही गृहिणी मसाले करायला बसते आणि बघता बघता तीनशे कोटींच्या कंपनीची मालकीण होते. लोक त्या आकड्याला हसले. मला आकडा खटकला नाही. आपल्या बायका मसाल्यांतून मोठमोठे धंदे उभे करतात. खटकलं ते हे, की तीनशे कोटी मिळवूनही गोष्ट नवरा गुरुनाथ सुभेदार आज काय करतो याभोवतीच फिरत राहिली. कंपनी कशी चालते, माल कुठून येतो, उधारी कशी वसूल होते, हे कुणी दाखवलं असतं तर मी स्वतः वही घेऊन बसले असते. नवऱ्याचं पाप बायका आपसांत वाटून घेतात आणि तो सोफ्यावर बसून पश्चात्तापाची तयारी करतो. त्याला माफ करणं मालिकेला भाग असतं, कारण घर त्याचं आणि घर गेलं तर सेट गेला. दुसरी बाई मात्र बाहेरून आलेली, तेव्हा शिक्षा तिला.

‘पण कर्तबगार बायकांवरही मालिका निघतात की,’ हा तुझा पुढचा मुद्दा मला दिसतो आहे, आणि तो हलका नाही. झी बांगलावर ‘करुणामयी राणी राशमणी’ २०१७ ते २०२२ अशी चालली आणि चांगली चालली. ही खरी बाई. मासेमारांवर इंग्रजांनी कर बसवला तेव्हा तिने गंगेचा पट्टा पैसे भरून भाड्याने घेतला आणि साखळदंड टाकून जहाजांची वाट अडवली. दक्षिणेश्वरचं देऊळ १८५५ मध्ये उभं केलं ते तिनेच. मालिकेत १८६१ साल उजाडलं, राशमणी वारली, आणि मालिका ‘उत्तर पर्व’ म्हणून पुढे चालूच राहिली. नायिकेच्या मरणानेही ज्या गोष्टीचा शेवट होत नाही, तिच्यात नायिकेच्या घटस्फोटाची काय कथा! डॉक्टर कादंबिनी गांगुलींवर तर २०२० मध्ये दोन वाहिन्यांनी एकाच वेळी दोन मालिका काढल्या. आपल्या आनंदीबाई जोशी अमेरिकेत डॉक्टर झाल्या ते १८८६ साल. कादंबिनीही त्याच वर्षी इथल्या मेडिकल कॉलेजातून बाहेर पडल्या. दोन्ही मालिकांना राशमणीचं आयुष्य लाभलं नाही. आपली ‘सावित्रीजोती’ही २०२० च्याच जानेवारीत सुरू होऊन वर्ष संपायच्या आत बंद झाली. अशा बायकांचं बालपण आणि लग्न मालिकेला मानवतं, कारण ते घरात घडतं. कामाला लागल्या की त्या शाळेत, रुग्णालयात, रस्त्यावर असतात आणि पटकथेला धाप लागते. अपवाद म्हणून इथली ‘जगद्धात्री’ सांगतात. ती गुन्हे अन्वेषणातली अधिकारी, हाती पिस्तूल, पळापळ, सगळं आहे. पण ही नोकरी तिने घरच्यांपासून लपवलेली! गुंड तिला ओळखतील की नाही यापेक्षा घरची माणसं ओळखतील की नाही याची धाकधूक जास्त. पिस्तूल दिलं, ठीक. पण जेवणाच्या टेबलावरून सुटका दिली नाही.

मालिका समाजाचा आरसा आहेत, या युक्तिवादावर मी फार वेळ घालवत नाही. आरसा असेलही, पण तो एकाच खोलीत टांगलेला आहे. याच शहरात, आर. जी. कर रुग्णालयातल्या तरुण डॉक्टरवर अत्याचार करून तिचा खून झाल्यावर, १४ ऑगस्ट २०२४ च्या मध्यरात्री हजारो बायका रस्त्यावर उतरल्या. म्हाताऱ्या, कॉलेजातल्या, कडेवर मूल घेतलेल्या. त्यांतल्या एकीलाही घराबाहेर पडण्यापूर्वी तीन वेळा वळून पाहताना पार्श्वसंगीत लागलं नसणार. त्यांच्यासारखी बाई या शहराच्या पडद्यावर दिसत नाही, याला समाज जबाबदार आहे असं मला तरी पटत नाही.

राहिला टीआरपी. ‘बायकाच बघतात ना, मग बोलायचं कुणाला,’ असं काका म्हणतात; ते स्वतः वर्तमानपत्राआडून बघतात ते सोडून दे. देशात टीव्ही असलेली घरं वीस कोटींहून जास्त, आणि टीआरपी मोजणाऱ्या बार्कचे मीटर त्यांतल्या पन्नासेक हजारांत. दर गुरुवारी आकडे येतात आणि इथली वर्तमानपत्रं कोणती नायिका पहिली आली ते परीक्षेच्या निकालासारखं छापतात. पण मीटरला कळतं ते फक्त कोणती वाहिनी लागली आहे आणि समोर कोण बसलं आहे एवढंच. तू डोळे पुसत पाहतेस, शिव्या देत पाहतेस की भाजी निवडताना कानाने पाहतेस, हे त्याला दिसत नाही. रागाने पाहिलेला अर्धा तास आणि प्रेमाने पाहिलेला अर्धा तास यांचा भाव एकच. म्हणून आकडे दाखवून कुणी म्हणालं की बायकांना हेच आवडतं, तर मी एवढंच म्हणेन की बायकांना त्या वेळेला दुसरं काही दिलं नव्हतं. दिलं तेव्हा काय झालं तेही आहे. १९८५ साली बासू चॅटर्जी या बंगाली माणसाने आपल्या प्रिया तेंडुलकरांना घेऊन ‘रजनी’ केली. संसारी बाई, नवरा, मूल, सगळं होतं. पण ती दर आठवड्याला घराबाहेर पडून गॅसवाल्याला, टॅक्सीवाल्याला जाब विचारायची आणि भाग तिथल्या तिथे संपायचा. सबंध देश ते बघायला बसायचा. २०१४ मध्ये झिंदगी वाहिनीने पाकिस्तानी मालिका आणल्या, त्यांतली ‘झिंदगी गुलजार है’ सव्वीस भागांत संपली. नायिका कशफ नोकरी करते, चिडते, चुकते, नवऱ्याशी भांडते, आणि तिचं शहाणपण दर आठवड्याला कुणी काढून घेत नाही. शेवट कुठे आहे ते लिहिणारीला आधीच ठाऊक असतं. त्या मालिका दोन वर्षांनी पडद्यावरून गेल्या ते राजकारणामुळे, प्रेक्षक कंटाळले म्हणून नाही.

तेव्हा तुझ्या हुकमाप्रमाणे मी टालीगंजला जाऊन जाब विचारावा असं मला वाटत नाही. तिथे जी बाई रात्री उद्याचे संवाद लिहीत बसलेली असेल, तिच्याकडे उत्तर नाही. तिचं दुखणं आणि अरुंधतीचं दुखणं एकच आहे, दोघींनाही कुणी थांबू देत नाही. पत्र लिहायचंच असेल तर मुंबईला वाहिनीच्या कचेरीत लिही. ‘बायका सक्षम दाखवा’ असं लिहू नकोस. ते लगेच एकीला वकील करतील, दुसरीला विमान चालवायला देतील आणि दोघींना संध्याकाळी त्याच दिवाणखान्यात आणून रडवतील. मालिका सुरू होताना शेवटच्या भागाची तारीख जाहीर करा, एवढंच माग. दीडशे म्हणा, दोनशे म्हणा, पण आकडा सांगा. तुझ्या भागात दुसऱ्या कुणाला लिहायला लावता आलं तर लाव. तुझ्या भजनी मंडळाला मी कमी लेखत नाही. आणि तोवर त्या वेळेला टीव्ही बंद ठेवणार असशील तर जरूर ठेव, फक्त एक लक्षात घे: तुझ्या घरी मीटर नाही, त्यामुळे तुझा बहिष्कार तुझ्याशिवाय कुणालाच कळणार नाही. काकांना मात्र कळेल.

गुडघ्यांना शेक घेत जा. काकांना नमस्कार, चिमण्यांना आशीर्वाद. कळावे, लोभ असावा ही विनंती.

तुझी
भाची

ता. क. काकांसाठी नोलेन गुळाचे संदेश थंडीत पाठवते. आत्ता मिळतात ते खरे नव्हेत.